चाव्याचे माप

कुत्र्याच्या पिल्लाने माणसाच्या हाताला, पायाला अथवा कपड्याला दात लावण्याची क्रिया मराठीत सरसकट ‘चावणे’ या एकाच क्रियापदाने सांगितली जाते, आणि पिल्लू पाळणाऱ्या घरातील निम्मा गोंधळ या शब्दाच्या सैलपणातूनच उद्भवतो. दोन महिन्यांचे पिल्लू खेळता खेळता बोट तोंडात धरते तेव्हा ते चावते असे म्हणतात, पाच महिन्यांचे पिल्लू हिरड्या शिवशिवतात म्हणून चपलेचा अंगठा कुरतडते तेव्हाही तेच म्हणतात, आणि वाढलेले कुत्रे भाकरीजवळ गेलेल्या मुलाचा हात फोडते तेव्हाही क्रियापद बदलत नाही. वास्तविक यांतील पहिली गोष्ट खेळ आहे, दुसरी शरीराची गरज आहे आणि तिसरी, गुरगुरून दिलेली ताकीद कोणी न ऐकल्यावर उचललेले शेवटचे पाऊल आहे. या तिन्हींवर एकच उपाय लागू पडेल असे मानणारे घर पिल्लाला शिकवण्याऐवजी गोंधळातच टाकते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे कुत्रा दोन निरनिराळ्या संसारांत वाढतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे पर्जन्यछायेतील तालुके मेंढपाळांचे आहेत. जत तालुक्यातील माडग्याळ या गावाचे नाव तर मेंढीच्या एका जातीलाच मिळालेले आहे. आणि या मुलखात कुत्रा म्हणजे रात्री लांडग्याची चाहूल घेणारा राखणदार. दुसरीकडे सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांतील सदनिकांत लॅब्रॅडोर, पामेरियन अथवा रस्त्यावरून उचलून आणलेले गावठी पिल्लू घरातल्या लहान मुलांबरोबर वाढते, आणि त्याच्याकडून राखणीपेक्षा सोबतीची अपेक्षा असते.

भारतीय शास्त्रग्रंथांत एखादे मत सिद्ध करण्यापूर्वी त्याच्या विरोधातील मत पूर्ण ताकदीनिशी मांडण्याची रीत आहे; त्या विरोधी मांडणीस पूर्वपक्ष आणि तिला दिलेल्या उत्तरास उत्तरपक्ष म्हणतात. या दोन संसारांतील मते त्याच रीतीने मांडताना येथे पूर्वपक्ष माणदेशातील एका वृद्ध मेंढपाळाच्या तोंडी घातला असून त्यास आबा म्हटले आहे, आणि उत्तरपक्ष सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून सांगलीत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे दिला आहे. ही दोन्ही पात्रे कल्पित आहेत, परंतु त्यांची मते कल्पित नाहीत. मेंढपाळांच्या वाड्यावर आणि दवाखान्यात ती रोज ऐकू येतात. शास्त्रग्रंथांतल्याप्रमाणे पूर्वपक्षाचा अखेरीस पराभव होईलच, अशी मात्र येथे हमी नाही.

आबांचे पहिले विधान प्रश्नाच्या मुळावरच घाव घालते. शहरातील लोक पिल्लू आणतात आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याचे दात खुपतात अशी तक्रार घेऊन फिरतात, हेच त्यांना हास्यास्पद वाटते. “डॉक्टरबाई, दातच नको असतील तर माणसानं ससा पाळावा,” असे ते म्हणतात, आणि पुढे असा युक्तिवाद करतात की ज्या पिल्लाचे तोंड लहानपणीच बांधले गेले ते मोठेपणी लांडग्यासमोर शेपूट घालेल, कारण जबडा चालवण्याची हिंमत ही खेळातच कमावली जाते.

डॉक्टरबाई या विधानाचा पूर्वार्ध मान्य करतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पिल्लाला हात नसतात, त्यामुळे जगातील प्रत्येक वस्तू मऊ की कठीण, जिवंत की निर्जीव, हे ते तोंडानेच तपासते. त्याचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात, त्यांची संख्या २८ असते आणि ते सुईसारखे अणकुचीदार असतात. जबड्यात पुरेसा जोर नसताना दात इतके तीक्ष्ण का असावेत, या प्रश्नाला वर्तनतज्ज्ञांनी दिलेले एक उत्तर त्या आबांपुढे ठेवतात: जखम न करता वेदना देण्यासाठी. वेदना झाल्याखेरीज समोरचे भावंड ओरडणार नाही, आणि ते ओरडल्याखेरीज आपला जबडा किती जोरात मिटला हे पिल्लाला कळणार नाही. इंग्लंडमध्ये शिकून अमेरिकेत काम केलेले पशुवैद्य इयान डनबार यांनी या कळण्यालाच पिल्लाच्या शिक्षणाचा गाभा मानले. मराठीत त्याला ‘चाव्यावरील ताबा’ असे म्हणता येईल, आणि त्याचा अर्थ दात न लावणे असा नसून दात लावतानाही जोर आवरता येणे असा आहे. ज्या कुत्र्याकडे हा ताबा आहे ते आयुष्यात कधी घाबरून, दुखापतीने कळवळून अथवा झोपेतून दचकून माणसाला चावलेच, तरी कातडीवर ओरखडा उमटतो, मांस फाटत नाही.

येथे दोन्ही पक्ष काही काळ एकाच वाटेने चालतात, आणि ही वाट पिल्लाच्या आईकडे जाते. आबांच्या मते कुत्र्याला माणसाने शिकवावे लागतच नाही, कारण वाड्यावरचे पिल्लू अडीच-तीन महिने आईजवळ राहते, आणि तेवढ्या काळात आई आणि भावंडे मिळून त्याला जे द्यायचे ते देऊन टाकतात. दूध तोडण्याच्या काळात, म्हणजे चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या सुमारास, पिल्लाने आचळाला दात लावला की आई गुरगुरते, उठून जाते किंवा त्याचे तोंड क्षणभर आपल्या जबड्यात धरून सोडते. भावंडाला जोराने चावले तर ते किंचाळते आणि खेळ मोडतो. आबा यात आणखी एका शिक्षकाची भर घालतात, जो शहरातील पुस्तकांत सापडत नाही. पिल्लाने कोकराचा कान ओढला की मेंढी त्याला अशी ढुशी देते की ते दोन कोलांट्या खाऊन उभे राहते, आणि त्या दिवसापासून मेंढीकडे बघण्याची त्याची नजर बदलते. राखणदार कुत्र्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी हीच गोष्ट वेगळ्या परिभाषेत मांडली आहे: शिकारी प्राण्याच्या वागण्यात रोखून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे अशी एक साखळी असते, आणि लहानपणापासून मेंढरांत वाढलेल्या राखणदार कुत्र्यात ती बहुधा पुरी होत नाही, कारण मेंढी ही त्याच्या लेखी भक्ष्य न राहता गोतावळ्याचा भाग होते.

डॉक्टरबाईंची खरी तक्रार याच ठिकाणी सुरू होते. शहरात येणारे पिल्लू अनेकदा तिसाव्या-चाळिसाव्या दिवशीच आईपासून तोडलेले असते, कारण लहान पिल्लू गोजिरवाणे दिसते, लवकर विकले जाते आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्च वाचतो. श्वानपैदास आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही; पण हा नियम ठाऊक असलेला ग्राहक विरळा. याचा परिणाम असा होतो की ज्या चार आठवड्यांत आई आणि भावंडे जबड्याचे माप शिकवणार, नेमके तेच आठवडे पिल्लू एका अनोळखी स्वयंपाकघरात एकटे काढते, आणि मग जे भावंडांनी शिकवायचे ते शिकवण्याची जबाबदारी सहा वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या आजीवर येऊन पडते. आबांना हे ऐकून शहराविषयी जी अढी आहे ती पक्की झाल्याचे समाधान मिळते, आणि डॉक्टरबाईही ते हिरावून घेत नाहीत. त्या इतकेच विचारतात की एकदा असे पिल्लू घरात आलेच, तर त्या आजीने करायचे काय.

आबांचे उत्तर तयार असते: टपली. नाकाडावर एक हलकी टपली, किंवा कान धरून एक हिसका. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता सुसंगत आहे, कारण आई जर पिल्लाचे तोंड जबड्यात धरते, तर माणसाचा हात तेच काम करीत असताना त्याला दोष का द्यावा? मार आणि टपली यांत फरक आहे, आणि जनावरांत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो फरक शिकवावा लागत नाही, असे ते ठासून सांगतात.

डॉक्टरबाई या युक्तिवादाला भूतदयेच्या भाषेत उत्तर देत नाहीत, जरी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाचा आधार त्यांना घेता आला असता. त्या तीन व्यावहारिक मुद्दे मांडतात. आईचा प्रतिसाद चाव्याच्या क्षणीच येतो आणि त्याच क्षणी संपतो. माणसाचा हात चपला शोधून, मुलाचे रडणे ऐकून, रागावून मग येतो, आणि तोवर पिल्लू तिसऱ्याच उद्योगात असते, त्यामुळे टपली नेमकी कशाबद्दल मिळाली याचा त्याला बोध होत नाही. दुसरा मुद्दा असा की ज्या हाताने टपली मारायची त्याच हाताने पुढे दहा-बारा वर्षे गोचीड काढायचे, कानात औषध घालायचे आणि लस टोचताना धरून ठेवायचे असते. हात जवळ येताच डोळे मिटणारे पिल्लू मोठेपणी हात जवळ येताच दात दाखवते. तिसरा मुद्दा आबांना सर्वांत जास्त बोचतो: टपली आणि मार यांतला फरक आबांच्या हाताला ठाऊक आहे, पण त्यांचे पाहून शिकणाऱ्या शेजारच्या पोराच्या हाताला नाही.

याला पर्याय म्हणून त्या जी पद्धत सांगतात तिचे मूळ प्रयोगशाळेत आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांतून असा नियम मांडला की ज्या क्रियेचा परिणाम सुखद होतो ती क्रिया पुन्हा घडते आणि जिचा परिणाम सुखद होत नाही ती विरळ होत जाते; बी. एफ. स्किनर यांनी पुढे या परिणामांचे वर्गीकरण केले, आणि त्यातील एका प्रकाराला ‘ऋण शिक्षा’ म्हणतात. येथे ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, वजा केलेले. प्राण्याला हवीशी वाटणारी गोष्ट त्याच्या पुढ्यातून काढून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. चावऱ्या पिल्लाला सर्वांत हवीशी असते ती सोबत आणि हालचाल, म्हणून दात जोरात लागताच हात ओढून न घेता निश्चल करायचा, कारण ओढलेला हात पळणाऱ्या उंदरासारखा असतो आणि पिल्लाला अधिकच चेव आणतो. मग उठायचे, पाठ फिरवायची आणि अर्धा-एक मिनिट पिल्लाच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही. आणि पुन्हा शांतपणे परत यायचे. सुरुवातीस केवळ कळ आणणाऱ्या चाव्यावर खेळ थांबतो, काही दिवसांनी त्याहून हलक्या चाव्यावर, आणि शेवटी दातांच्या नुसत्या स्पर्शावर. जोर आधी कमी करायचा आणि संख्या नंतर, हा क्रम डॉक्टरबाईंना महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याच दिवशी तोंड पूर्णपणे बंद केलेल्या पिल्लाला जबड्याचे माप शिकण्याची संधीच मिळत नाही; आणि गंमत अशी की ससा पाळण्याचा सल्ला देणाऱ्या आबांचे म्हणणे थोड्या वेगळ्या शब्दांत हेच होते.

आबांची शंका मात्र अगदी साधी असते. “उठून आत जायचं म्हणता, पण आमच्या वाड्याला आत कुठं आहे?” मेंढपाळाचा वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, तो उघड्या रानावरचा मुक्काम असतो, आणि तेथे खोली, दार, कडी हा सगळा सरंजाम नसतो; शहरातील शिकवण बहुधा दाराच्या भरवशावर रचलेली असते ही बाब या एका प्रश्नाने उघड होते. डॉक्टरबाईंना थोडा विचार करावा लागतो. मग त्या वाघरीकडे बोट दाखवतात; मेंढरे रात्री कोंडण्यासाठी खुंट्यांवर जी जाळी लावतात तिला वाघर म्हणतात, आणि तिच्या पलीकडे एक पाऊल टाकले तरी पिल्लाच्या लेखी माणूस खेळातून उठून गेलेलाच असतो. आबा हे मान्य करतात, पण वाघर मेंढरांसाठी असते आणि माणसाने पिल्लाला घाबरून तिच्याआड उभे राहावे हे त्यांना काही पटत नाही.

या पद्धतीतील दोन अडचणी डॉक्टरबाई स्वतःहून सांगतात, आणि त्या सांगितल्या नाहीत तर बहुतेक घरे आठवडाभरात ही पद्धत सोडून देतात. पहिली अशी की खेळ थांबवायला सुरुवात केल्यावर चावणे लगेच कमी न होता दोन-चार दिवस वाढते. वर्तनशास्त्रात याला ‘विलोपनापूर्वीची उसळी’ म्हणतात, आणि घंटेचे बटण दाबूनही दार उघडले नाही तर माणूस ते अधिक जोराने आणि पुन्हा पुन्हा दाबतो, तशी ती असते. नेमक्या याच दिवसांत घरचे हताश होऊन टपलीवर येतात. दुसरी अडचण आजोबांची. पिल्लाने चावा घेताच घरातील चौघांनी खेळ थांबवला आणि आजोबांनी गंमत म्हणून हात चावू दिला, तर पिल्लाला ‘अधूनमधून का होईना, चावले की खेळ मिळतो’ असा धडा मिळतो, आणि अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा चिवट असते. जे पुस्तकांत हमखास सांगितले जाते ते किंचाळणे, म्हणजे पिल्लू चावताच माणसाने भावंडासारखे केकाटणे, याविषयी त्या फारशा उत्साही नाहीत. काही पिल्ले त्याने थबकतात, पण अनेकांना ते खेळण्याचा आवाज वाटतो आणि ती दुप्पट वेगाने झेपावतात. तिन्हीसांजेला पिल्लू घरभर सुसाट धावून जो दिसेल त्याच्या पायजम्याला अथवा पदराला लोंबकळते, त्या वेळी तर बहुधा कोणतीच शिकवण लागू पडत नाही, कारण ते दमलेले असते आणि दमलेल्या तान्ह्या मुलासारखेच त्याला झोपवावे लागते. एवढ्या वयाचे पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपते, हे न कळल्यामुळे पुष्कळ पिल्ले विनाकारण दांडगट ठरतात.

टपलीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद शहरातील श्वानप्रशिक्षकही करतात, आणि तो आबांच्या युक्तिवादापेक्षा अधिक विद्वत्तापूर्ण भासतो: कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या इतरांना दाबून ठेवतो, म्हणून पिल्लाला उताणे पाडून त्याचा मालक कोण हे दाखवून द्यावे. या मताचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे, आणि तो अभ्यास प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा होता. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथातून या मताला प्रसिद्धी दिली आणि नंतर रानातील लांडग्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर १९९९ मध्ये स्वतःच ते खोडून काढले. रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची एक-दोन विणींची पिल्ले, आणि म्होरके म्हणजे तेच आईबाप, एवढाच त्यांचा निष्कर्ष. हे ऐकून आबा मोठ्याने हसतात, कारण माणदेशाच्या माळावर लांडग्याची जोडी आणि तिच्यामागची पिल्ले त्यांनी लहानपणापासून पाहिलेली आहेत, आणि यात शोधण्यासारखे काय होते हे त्यांना समजत नाही. उताणे पाडण्याच्या प्रकाराविषयी मात्र ते डॉक्टरबाईंपेक्षाही कठोर बोलतात. धरून पाडलेले कुत्रे एक तर भित्रे होते किंवा डूख धरते, आणि दोन्ही राखणीच्या कामाचे नसते.

गुरगुरण्याच्या प्रश्नावरही दोघे अनपेक्षितपणे एकत्र येतात. शहरातील मालकाला गुरगुरणे हा उद्धटपणा वाटतो आणि तो सर्वांत आधी तेच बंद करू पाहतो. पण गुरगुरणे ही ताकीद आहे, आणि ती दडपून टाकलेले कुत्रे ताकीद न देता चावते. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुली येथे, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. वाघाची चाहूल लागताच भुंकून त्याने महाराजांना सावध केले आणि त्याबद्दल त्याला मोठा मान मिळाला, अशी कथा सांगितली जाते. कथेतील तपशील कसेही असोत, तिने कुत्र्याचा गौरव कशासाठी केला हे पाहण्यासारखे आहे. खंड्याने वाघाला फाडल्याचे कथा सांगत नाही. त्याने आवाज दिला, एवढेच ती सांगते. 

चघळण्याच्या वस्तूंविषयी फार बोलण्याचे कारण नाही. साधारण चौथ्या महिन्यात पुढचे दुधाचे दात पडू लागतात, सुळे त्यानंतर पडतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात पिल्लाला काहीतरी कुरतडायला द्यावेच लागते. जुन्या लुगड्याची अथवा धोतराची घट्ट वेणी, भिजवून गार केलेले फडके, हे पुरेसे असते. मक्याचे बुरकुंड, आंब्याची कोय आणि शिजवलेल्या मटणाची हाडे मात्र दोन्ही जिल्ह्यांत सर्रास टाकली जातात, आणि आतड्यात अडकलेले बुरकुंड शस्त्रक्रिया करून काढण्याची वेळ येते, म्हणून डॉक्टरबाई त्यांच्यावर काट मारतात. आबा केवळ हाडांच्या बाबतीत कुरकुरतात.

एका मुद्द्यावर संवाद थांबतो आणि आदेश सुरू होतो. आबांच्या मते दुधाच्या दाताचा ओरखडा म्हणजे काही चावा नव्हे. हळद दाबावी आणि कामाला लागावे. डॉक्टरबाई येथे एकही पाऊल मागे घेत नाहीत. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, लाळेतून पसरतो, तो तीन महिन्यांच्या आतील पिल्लालाही होऊ शकतो, आणि माणसात त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून रस्त्यावरून आणलेल्या अथवा लस न टोचलेल्या पिल्लाचा दात कातडीला लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर लस, आणि रक्त आले असेल तर लसीबरोबरच जखमेत आणि तिच्याभोवती प्रतिपिंडांचे, म्हणजे तयार संरक्षक द्रव्याचे इंजेक्शन. कातडीत टोचल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे ठरलेले आहेत. पिल्लाला स्वतःला तीन महिन्यांचे होताच लस टोचायची आणि पुढच्या मात्रा चुकवायच्या नाहीत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ही अभिमानाची गोष्ट आहे, परंतु चुना आणि मिरचीपूड यांच्याप्रमाणेच तीही या जखमेवर घालायची नसते. आबा यावर वाद घालत नाहीत. लस टोचून घेईन असेही ते म्हणत नाहीत.

उरतो तो बागेतल्या कुत्र्याचा प्रश्न, ज्याचे उत्तर वाडा आणि दवाखाना या दोन्हींच्या बाहेर आहे. तासगाव तालुक्यातील द्राक्षबागेत वाढणारे कुत्रे मेंढरांतले नसते आणि सदनिकेतलेही नसते. दिवसा बागेत छाटणीला, विरळणीला, फवारणीला माणसे येत-जात असतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुले असतात, आणि रात्री त्याच बागेची राखण करायची असते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे केलेल्या आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आधार घेऊन डॉक्टरबाई सांगतात की पिल्लाचा जगाशी परिचय होण्याचा सर्वांत अनुकूल काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा असतो. त्या काळात पिल्लाला डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, काठी टेकणारे म्हातारे, रांगणारी मुले, ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप हे सगळे अंतर राखून आणि खाऊ देत दाखवले, तर मोठेपणी ते या गोष्टींना घाबरत नाही, आणि जे कुत्रे घाबरत नाही त्याचे चावण्याचे प्रसंग फार कमी होतात. मजुरांच्या मुलांनाही दोन गोष्टी शिकवाव्यात: पिल्लू अंगावर आले तर पळायचे नाही, झाडासारखे हात अंगाशी घेऊन उभे राहायचे, आणि ते जेवताना त्याच्या थाळीकडे जायचे नाही.

आबांना यातील मुलांचा भाग मान्य आहे, बाकीचा नाही. राखणीच्या कुत्र्याला गावभरच्या हाताची चव लागली की ते राखणीचे राहिले नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. डॉक्टरबाई म्हणतात की ओळखीच्या माणसाचा सहवास लाभलेल्या कुत्र्यालाच अनोळखी माणूस वेगळा ओळखता येतो, तर दिवसभर साखळीला बांधलेल्याला सगळेच परके वाटतात आणि ते सगळ्यांवरच धावते, त्यामुळे त्याच्या भुंकण्याला काही अर्थ उरत नाही. आबा हे ऐकून घेतात, तंबाखू मळतात आणि विचारतात:

“आणि डॉक्टरबाई, बागेतला चोर जर दिवसा कामाला आलेलाच निघाला तर?”

या प्रश्नाला उत्तरपक्षाकडे समाधानकारक उत्तर नाही. दिवसा ज्याच्या हातचे बिस्किट खाल्ले त्याच्यावर कुत्रे रात्री भुंकेल की शेपूट हलवेल, हे त्या कुत्र्याच्या जातीवर, बिस्किटांच्या संख्येवर आणि बागायतदाराने अंधार पडल्यावर बागेत येण्याजाण्याचा कोणता रिवाज ठेवला आहे यावर अवलंबून राहते, एवढेच डॉक्टरबाई सांगू शकतात, आणि असा रिवाज घालून देणे हे पिल्लाचे काम नसून बागायतदाराचे आहे अशी पुस्ती जोडतात. ऑगस्टच्या मध्याला जन्मलेले पिल्लू ऑक्टोबरच्या फळछाटणीला आठ आठवड्यांचे होऊन बागेत आले, तर त्याच्या ओळखीपाळखीचे उरलेले चार आठवडे नेमके मजुरांच्या वर्दळीत जातात. आणि मार्चमध्ये माल तोडायला गाड्या बांधावर लागतात तेव्हा त्याचे दुधाचे सगळे दात पडून गेलेले असतात.